टोपलीभर खेळणी असूनही कुत्रा चप्पलच का चावतो?

घरात पंधरा खेळणी पसरलेली असतात आणि साहेब मात्र कोपऱ्यात चपलेचा पट्टा चावत बसलेले. यात त्याची चूक नाही हो, दिवसरात्र समोर पडलेलं खेळणं त्याच्या लेखी टेबल-खुर्चीसारखंच, चपलेला निदान तुमचा वास तरी येतो आणि ती तोंडात धरली की तुम्ही ओरडत मागे धावता, म्हणजे खेळ सुरूच की!

म्हणून आधी नवीन काही विकत न घेता सगळी खेळणी उचला. दोन-तीन बाहेर ठेवा, बाकीची कपाटात, आणि चार-पाच दिवसांनी अदलाबदल करा. जुनाच बॉल परत दिसला की कसा उड्या मारतो बघा.

पुढची स्टेप जेवणाची. सगळं वाडग्यात ओतलं तर दोन मिनिटांत फस्त, मग उरलेला दिवस करायचं काय? कुत्र्याचं नाक हेच त्याचं मुख्य हत्यार, तर त्यालाच काम द्या. जुना टॉवेल अंथरा, त्यावर कोरड्या खाण्याचे दाणे टाका आणि पहिल्या दिवशी उघडंच खाऊ द्या. मग टॉवेल अर्धा गुंडाळा, जमलं की पूर्ण, आणि त्यातही पटाईत झाला की सैल गाठ मारा. हे दाणे रोजच्या जेवणातूनच काढायचे, वरून नाही, नाहीतर डोकं चालेल पण पोट सुटेल.

पोकळ रबरी खेळणं आणलं असेल तर तिथेही हाच क्रम. बरेच जण पहिल्याच दिवशी त्यात ओलं खाणं ठासून भरतात, फ्रीझरमध्ये दगड करतात, मग कुत्रा दोनदा चाटून निघून जातो आणि हे म्हणतात आमच्याला आवडतच नाही. अहो, पहिलीतल्या मुलाला दहावीचा पेपर दिलात! सुरुवातीला आत सुटे दाणे टाका, हलवलं की पडले पाहिजेत, मग खेळण्याच्या तोंडाशी थोडं ओलं खाणं लावा, फ्रीझर सगळ्यात शेवटी. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते वाचाच, ते कुत्र्यांना विषारी असतं.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतो तो नावांचा खेळ, त्यात खर्च शून्य. एकच खेळणं घ्या, त्याचं नाव घेत त्याच्याशी खेळा, मग ते थोडं लांब ठेवून नाव घ्या, आणलं की शाबासकी. हे पक्कं झालं की दुसरं खेळणं शेजारी ठेवायचं. जॉन पिली नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी त्यांच्या चेसर या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला अशी 1,022 खेळण्यांची नावं शिकवली होती, आपल्याला चार जमली तरी बास.

खेळणं निवडताना ते अख्खं तोंडात मावता कामा नये. अंगठ्याचं नख दाबून बघा, जराही रुतत नसेल तर ते दात तोडू शकतं. दोरीचे धागे सुटले, चीं-चीं वाजणारी पुंगळी बाहेर आली की सरळ कचऱ्यात टाका, पोटात गेलं तर ऑपरेशनपर्यंत प्रकरण जातं. आणि लेझर लाइटमागे पळवणं मला तरी पटत नाही, बिचाऱ्याच्या हाती काही लागतच नाही आणि काही कुत्री नंतर प्रत्येक सावलीमागे धावायला लागतात.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. तो खेळण्यावर भुंकायला लागला किंवा तुमच्याकडे बघत बसला तर कोडं अवघड झालंय, एक पायरी खाली या. घरात दोन कुत्रे असतील तर खाण्याची खेळणी वेगवेगळ्या खोल्यांत द्या, आणि दोघांची रिकामी झालेली उचलून मगच दार उघडा.