"माझं पण सेम झालं होतं!" असं लगेच म्हणायच्या आधी काय करायचं

कुणी सांगितलं की "सासऱ्यांना काल रात्री ॲडमिट केलंय", की आपल्यातले बरेच जण लगेच सुरू होतात, अगं आमच्या काकांचं पण सेम झालं होतं, मग काकांचं ऑपरेशन, मेडिक्लेमवाल्यांनी कसं रखडवलं, कुठला डॉक्टर चांगला, आणि ज्या सासऱ्यांवरून विषय निघाला ते राहिले बाजूला. सांगणारी नुसती हं हं करत बसते. मला ही सवय सगळ्यात जास्त खुपते, कारण आधार हवा असतो नेमका तेव्हाच ती आडवी येते.

चार्ल्स डर्बर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे नीट मांडलंय. त्यांच्या मते उत्तरं दोन प्रकारची असतात, एक शिफ्ट रिस्पॉन्स म्हणजे विषय स्वतःकडे ओढून घेणारं आणि दुसरं सपोर्ट रिस्पॉन्स, म्हणजे समोरच्याचाच विषय पुढे नेणारं. "आमच्या काकांचं पण" हे पहिलं आणि "आता कसे आहेत? रात्री कोण थांबलं होतं?" हे दुसरं.

आता स्वतःचं सांगूच नये का? तसं अजिबात नाही. आपल्याकडे स्वतःचा अनुभव सांगणं म्हणजे तू एकटी नाहीयेस असं सांगणंच असतं, ते तोडून टाकलं तर गप्पा कोरड्या होतील. फक्त क्रम बदलायचा. आधी तिच्याबद्दल एक प्रश्न, त्याचं उत्तर पूर्ण ऐकायचं, मग आपले काका दोन वाक्यांत, आणि शेवटी विषय परत तिच्याकडे, "तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं मग?"

हे जड जातं याला कारण आहे. २००९ मध्ये जपानी, इटालियन, कोरियन अशा दहा भाषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायच्या मधली गॅप साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा निघाली. तेवढ्यात वाक्य जुळवणं शक्यच नाही, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं. ते थांबवता येत नाही, पण तिथे स्वतःच्या गोष्टीऐवजी प्रश्न तयार ठेवायची सवय लावता येते, आणि थोड्या दिवसांत जमतं.

मध्ये बोलणं मात्र दरवेळी वाईट नसतं. विरार लोकलच्या लेडीज डब्यात चौघी एकदम बोलतात आणि कुणालाच राग येत नाही, कारण तो उत्साह असतो. डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पण हा फरक दाखवलाय. ओळखायचं कसं, तर तुम्ही मध्ये बोलल्यावर तिचाच विषय पुढे चालू राहिला तर ठीक, तो मेला तर तुम्ही तोडलात.

दुसरी सवय म्हणजे "हे तर काहीच नाही". हिंदमाताला पाणी भरलं, दोन तास अडकले, असं मुलगी सांगते आणि काका म्हणतात, २६ जुलैला बघायला हवं होतंस, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता! आकडा खरा आहे आणि २००५ ची ती भीती पण खरी आहे, कित्येक जण त्या रात्री घरीच पोचले नव्हते, म्हणून काकांना उडवून लावू नका. "काका, तुमचं ते मला पूर्ण ऐकायचंय, आधी माझं संपवते" असं म्हणा, आणि नंतर आठवणीने विचारा, नाहीतर तो नुसता बहाणा ठरतो.

न मागता सल्ला देणाऱ्यांचं थोडक्यात. कुणी म्हणालं घरमालकाने भाडं वाढवलं, की लगेच "कल्याणला बघ ना" नको. ते त्याने कधीच बघितलेलं असतं. "काही मार्ग काढायचाय का नुसतं सांगायचंय?" एवढं विचारलं तरी पुरतं.

आपल्याच जवळच्या मैत्रिणीला ही सवय असेल तर ग्रुपमध्ये टोकू नका, एकटी असताना सांगा, आणि "तू नेहमी असंच करतेस" न म्हणता "काल आईचं सांगत होते ते अर्धंच राहिलं" एवढंच. तिला बहुतेक कळलेलंच नसतं, आणि असं सांगितलं की ती बचाव करत बसण्याऐवजी पुढचं विचारते.

ग्रुपमध्ये मात्र खरी जबाबदारी तिसऱ्या माणसाची, म्हणजे जो तोडत पण नाहीये आणि ज्याचं तुटलं पण नाहीये त्याची. ज्याचं तुटलं तो स्वतः म्हणू शकत नाही की माझं ऐका, त्याला ते मागून घेतल्यासारखं वाटतं. तुम्ही म्हणा, "थांबा रे, हिचं राहिलं, मग काय झालं गं?" आणि तेवढ्यात दादर आलं, उतरायची वेळ झाली, तर उद्या गाडीत भेटल्यावर पहिल्यांदा तेच विचारा.