भिंत वाळणार कोणत्या बाजूने? इमारतीच्या आवरणाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

स्थापत्य किंवा वास्तुकलेची पदवी घेऊन इमारतीच्या आवरणाच्या, म्हणजे भिंती, छत आणि खिडक्यांच्या कामाकडे वळणाऱ्यांना यू-मूल्य (भिंतीतून उष्णता किती सहज जाते याचा आकडा) काढता येते आणि दवबिंदूचा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याचा) तक्ता वाचता येतो, त्यामुळे ते मी पुन्हा सांगत नाही. पुस्तकातला भिंतीचा छेद कोणत्या हवामानासाठी काढला आहे, हे तपासल्याशिवाय तो आपल्या नकाशावर उतरवू नका, एवढेच मला कळकळीने सांगायचे आहे. कोल्हापुरात या कामाची सुरुवात करताना मी सर्वाधिक काळ अडकून पडले ती याच ठिकाणी.

या विषयावरची बरीचशी पुस्तके थंड प्रदेशांत लिहिली गेली आहेत. तिथे हिवाळ्यात घरातली उबदार, दमट हवा बाहेरच्या गारठ्याकडे जाऊ पाहते, म्हणून बाष्प अडवणारा थर भिंतीच्या आतल्या अंगाला घालतात. हा थर उबदार बाजूला असावा, हा त्यामागचा नियम आहे. आता आपला जुलै महिना घ्या. बाहेर २६ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या थोडा वर येतो. आत एसी २२ अंशांवर चालू असेल, तर बाष्पाचा ओढा बाहेरून आत असतो आणि उबदार बाजू बाहेरची ठरते. अशा खोलीत आतून व्हिनाइलचा वॉलपेपर किंवा ऑइल पेंटचे जाड थर दिले, की आत येणारे बाष्प नेमके सर्वांत गार थरापाशी अडते, तिथेच त्याचे पाणी होते आणि कागदाच्या मागे काळी बुरशी धरते. वरून भिंत देखणी दिसत राहते, म्हणून हा दोष फार उशिरा उघडकीस येतो.

एसी नसलेल्या घरातही हाच विचार लागू पडतो. नैर्ऋत्येच्या पावसाचे सपकारे खाणारी पश्चिमेची भिंत थोडीफार भिजणारच. ती दोन्ही अंगांनी वाळू शकली पाहिजे. बाहेरून जलरोधक लेप आणि आतून ऑइल पेंट असे दोन्हीकडून तिला कोंडले, तर लेपाच्या बारीक भेगेतून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीतल्या मातीच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा गिलावा चढवतात, तेव्हाही हेच घडते.

उष्णतेचे गणित त्यामानाने सोपे आहे. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या २३० मिलिमीटर विटेच्या भिंतीचे यू-मूल्य साधारण २ येते, तर २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याचे) ०.८ च्या आसपास; आकडा जितका लहान, तितकी उष्णता कमी शिरते. २०१८ च्या इको निवास संहितेने, म्हणजे केंद्र सरकारच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीने, बहुतेक हवामान विभागांतील निवासी आवरणातून होणाऱ्या उष्णतेच्या शिरकावावर दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आहे, ती सॉफ्टवेअरमध्ये तपासता येते. परंतु केवळ या आकड्यावर भाळून ब्लॉक निवडू नका. तो पाणी भराभर शोषतो, आणि कॉलम-बीमशी त्याच्या सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला, तर तिथे भेग हमखास पडते. हवेचा शिरकावही अशाच जागांतून होतो. खिडकीची चौकट, विजेच्या पाइपचा डबा, एसीच्या नळीचे भोक अशा फटींतून हवेबरोबर येणारे बाष्प हे अखंड भिंतीतून झिरपणाऱ्या बाष्पापेक्षा कितीतरी अधिक असते.

ओल दिसताच उपाय सुचवण्याची घाई करू नका. फूटभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा ओल्या जागी चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. खोलीकडच्या पृष्ठभागावर थेंब जमले, तर खोलीतल्या हवेतील बाष्प गार भिंतीवर उतरत आहे. भिंतीकडच्या बाजूने जमले, तर पाणी भिंतीतच आहे. मग ते जोत्यातून वर चढते आहे, छज्जाच्या सांध्यातून उतरते आहे की नळातून गळते आहे, हे शोधावे लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरलेल्या घरांत भिंती पुरत्या वाळण्याआधी जिथे रंग दिले गेले, तिथे पोपडे निघाले आणि लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटला. नऊ इंची भिंत आतून वाळायला महिने लागतात, हे घरमालकाला स्पष्ट शब्दांत सांगण्याचे धैर्य आपल्याकडे हवे.

मार्गदर्शकाबाबत माझे मत ठाम आहे. वॉटरप्रूफिंगचे डबे विकायला आलेल्या प्रतिनिधीला गुरू करू नका. हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकून बद्द आवाजावरून पोकळी ओळखणाऱ्या जुन्या गवंड्याच्या मागे फिरा. पहिल्या पावसाळ्यात काहीच उमगले नाही, तरी खचून जाऊ नका, कारण भिंत एका ऋतूत शिकून होत नाही. पश्चिमेची एक भिंत निवडून जून ते नोव्हेंबर तिच्या आतल्या व बाहेरच्या हवेचे तापमान आणि आर्द्रता लिहीत राहा. त्या वहीच्या पहिल्याच पानावर दोन्ही बाजूंना कोणता रंग किंवा लेप आहे याची नोंद करा, कारण त्याशिवाय पुढच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.