फ्रेंचमध्ये दुखणं सांगायची तयारी

अवयवांची लांबलचक यादी पाठ करण्याआधी एक वाक्य पक्कं करा: ‘झे माल आ…’, म्हणजे ‘मला अमुक ठिकाणी दुखतंय’. पुढे जागा जोडायची. डोक्यासाठी ‘आ ला तॅत’, घशासाठी ‘आ ला गॉर्झ’, पोटासाठी ‘ओ व्हाँत्र’, पाठीसाठी ‘ओ दो’, दातांसाठी ‘ओ दाँ’. स्त्रीलिंगी शब्दाआधी ‘आ ला’ येतं, पुल्लिंगी किंवा अनेकवचनी शब्दाआधी ‘ओ’, आणि एकवचनी शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘आ ल्’, जसं कानासाठी ‘आ लोरेय’. म्हणून प्रत्येक अवयव लिंगासकटच पाठ करायचा.

हातापायांना थोडा जास्त वेळ द्या. आपण खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला हातच म्हणतो. फ्रेंचमध्ये मनगटापर्यंत ‘ल ब्रा’ आणि त्यापुढे ‘ला मँ’. पायाचंही तेच: घोट्यापर्यंत ‘ला झाँब’, खाली ‘ल प्ये’. पट्टी कुठे बांधायची हे यावर ठरतं, तेव्हा आपल्याच अंगाला हात लावून मोठ्याने म्हणत सराव करा.

एका शब्दाभोवती लाल खूण हवीच. ‘कर’ म्हणजे हृदय, पण ‘माल ओ कर’ म्हणजे मळमळ. छातीत दुखत असेल तर ‘आ ला प्वात्रीन’ म्हणायचं. हा फरक झोपेतून उठवलं तरी सांगता यावा, इतका घोटा.

तापासाठी ‘झे द ला फिएव्र’, खोकल्यासाठी ‘झ तूस’. सर्दीला ‘र्‍यूम’ पुरे. डॉक्टर ‘मेद्सँ’ आणि औषध ‘मेदिकामाँ’, हे दोन एकमेकांत मिसळू देऊ नका. बोलण्याइतकीच कानांची तयारी लागते. ‘ऊ आव्हे-व्हू माल?’ म्हणजे कुठे दुखतंय, ‘दप्वी काँ?’ म्हणजे केव्हापासून. उत्तरात ‘दप्वी’च्या पुढे ‘इएर’ म्हणजे काल, किंवा ‘त्र्वा झूर’ म्हणजे तीन दिवस.

अ‍ॅलर्जी मात्र तोंडावर सोडू नका. ‘झ स्वी आलेर्झीक आ…’ हे वाक्य औषधाच्या नावासह रोमन लिपीत कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मधुमेह, गरोदरपण, रोजच्या गोळ्या यांचीही नोंद तिथेच करा. उच्चार चुकला तरी कागद वाचता येतो. त्याच कागदावर फ्रान्समधले क्रमांक लिहा: वैद्यकीय मदतीला 15, युरोपभर चालणारा 112, आणि ऐकू-बोलू न शकणाऱ्यांना एसएमएस करण्यासाठी 114.