गुणाकाराची ओळख: गुण्य, गुणक आणि गुणधर्म

जालन्याकडच्या एखाद्या मोसंबीच्या बागेत प्रत्येक ओळीत १२ झाडे आणि अशा ७ ओळी असतील, तर एकूण झाडे काढण्यासाठी १२ × ७ अशी मांडणी करावी. येथे पुन्हा पुन्हा घ्यायची संख्या १२ ही गुण्य, ती किती वेळा घ्यायची हे सांगणारी ७ ही गुणक, आणि येणारे उत्तर ८४ हा गुणाकार होय. पाढे पाठ करून घेण्याआधी मुलाला ही मांडणी वहीत ठिपक्यांनी काढायला लावावी आणि मग वही आडवी फिरवावी. आता १२ ओळींत ७-७ ठिपके दिसतात, पण ठिपके तेवढेच राहतात. ही क्रमनिरपेक्षता मुलाला पटली, की पाढ्यांचे जवळजवळ निम्मे ओझे उतरते.

तीन संख्यांत कोणतीही लगतची जोडी आधी गुणता येते, हे साहचर्य. ७ × ४ × २५ मध्ये ४ × २५ आधी केल्यास ७०० हे उत्तर तोंडी येते.

सर्वाधिक वेळ मात्र वितरण गुणधर्माला द्यावा, कारण उभ्या मांडणीची सारी रीत त्यावरच आधारलेली आहे. ३४ × ६ करताना ३० × ६ = १८० आणि ४ × ६ = २४ असे भाग पाडून २०४ ही बेरीज घ्यावी. उभ्या मांडणीत २४ मधील ४ लिहून आपण हातचे २ घेतो. ते २ म्हणजे २ दशक, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१ ने गुणल्यास संख्या तशीच राहते आणि ० ने गुणल्यास उत्तर ० येते. ० × ८ चे उत्तर ८ लिहिणाऱ्या मुलाला, खिसे रिकामे असलेल्या ८ जणांकडे मिळून किती रुपये असतील, असे विचारावे.