नव्या आलिशान एसयूव्हीत वारंवार बिघाड होत असेल तर काय करावे

ऐंशी-नव्वद लाखांची नवी एसयूव्ही घरी येते, सोसायटीच्या दारात तिची पूजा होते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आणि दीड-दोन महिन्यांत एका सकाळी डॅशबोर्डवर एकापाठोपाठ एक इशारे झळकू लागतात. सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत ते नाहीसे झालेले असतात. तेथे गाडी स्कॅनरला लावतात, ‘काही प्रॉब्लेम दिसत नाही’ असे सांगून परत देतात आणि आठवड्याभराने पुन्हा तोच प्रकार घडतो. या फेऱ्यातून मी स्वतः सात महिने गेलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, अशा वेळी मालकाने पहिल्या दिवसापासून एकच काम नेटाने करावे: ‘अधूनमधून होते’ या मोघम तक्रारीला तारीख, वेळ आणि परिस्थिती जोडून ती कागदावर आणावी. दुरुस्ती असो, कंपनीशी बोलणी असोत किंवा ग्राहक आयोगातील तक्रार, पुढचे सारे त्या कागदावरच उभे राहते.

मात्र त्याआधी ही गाडी चालवणे सुरक्षित आहे का, हे ठरवावे लागते. ब्रेक नेहमीपेक्षा वेगळा लागत असेल, स्टिअरिंग जड होत असेल, चालत्या गाडीची ताकद अचानक जात असेल किंवा जळका वास येत असेल, तर ‘सर्व्हिस सेंटरपर्यंत हळूहळू नेऊ’ असा विचारही करू नये. गाडी बाजूला घेऊन कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करावा आणि गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रक, म्हणजे फ्लॅटबेडच, पाठवण्यास सांगावे. चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाके रस्त्यावर ठेवून ओढली, तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या तिच्या ट्रान्सफर केसचे नुकसान होऊ शकते आणि मग मूळ दोष बाजूला राहून टोइंगचाच वाद सुरू होतो. या फोनची तारीख-वेळेसह कंपनीकडे आपोआप नोंद होते, हा त्याचा दुसरा फायदा. त्यामुळे ओळखीच्या मेकॅनिकला बोलावण्यापेक्षा अधिकृत मदत घेणे नव्या गाडीच्या बाबतीत नेहमीच हिताचे ठरते.

आता बिघाडाकडे वळू. आजच्या आलिशान गाडीत डझनावारी कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, असतात आणि ती एकाच जाळ्यावरून एकमेकांशी बोलत असतात. त्यामुळे विजेचा दाब जरा उतरला, तरी ब्रेक असिस्ट, कॅमेरा, सस्पेन्शन, टेलगेट अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच ठिकाणांहून एकदम तक्रारी येतात आणि मालकाला वाटते की, सगळी गाडीच मोडकळीस आली आहे. म्हणून पहिला संशय साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. यार्डात आणि शोरूममध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या डिलिव्हरीपूर्वीच अशक्त झालेल्या असू शकतात. घरी मल्टीमीटर असेल तर बॉनेट उघडून गाडी लॉक करावी, अर्धा-पाऊण तास थांबावे आणि मग जंप पॉइंटवर, म्हणजे बॉनेटखाली जंप स्टार्टची वायर जोडण्याच्या जागी, दाब मोजावा. दार उघडताच निम्मी युनिटे जागी होतात आणि आकडा फसवा दिसतो. १२.६ व्होल्टच्या आसपासचा आकडा चांगल्या बॅटरीचा असतो, तर १२.२ च्या खालचा आकडा ती निम्म्याहून अधिक रिकामी असल्याचे सांगतो. डॅशकॅम किंवा बाहेरून बसवलेला दुसरा कोणताही विजेचा सरंजाम असेल, तर तो आधी काढून टाकावा आणि काढल्याचा फोटो ठेवावा, कारण सर्व्हिस सेंटरचे बोट सर्वांत आधी तिकडेच वळणार असते.

डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी. घर ते ऑफिस असा चार-पाच किलोमीटरचाच वापर असेल, तर धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला साफ करण्याइतका तापतच नाही आणि इशारा देत राहतो. हा सहसा उत्पादन दोष मानला जात नाही. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर वीस-तीस मिनिटे सलग वेगात गाडी चालवल्यावर तो बहुधा निघून जातो. ॲडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारे द्रावण) संपत आल्याचा इशारा मात्र दुर्लक्षित करू नये, कारण शिल्लक किलोमीटरचा आकडा शून्यावर आल्यानंतर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरूच होत नाही.

या दोन्हींतून उत्तर मिळाले नाही, तर नोंदवही सुरू करावी. तारीख, वेळ, किलोमीटर, पाऊस होता की ऊन, गाडी किती तास उभी होती, कोठे आणि कशी उभी होती, कोणता इशारा किती वेळ राहिला, इतके रकाने पुरेत. इशारा दिसताच मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि त्यात ओडोमीटरचा आकडा व घड्याळ येईल असे पाहावे. गाडी चालवत असताना हे काम शेजारी बसलेल्याने करावे.

माझ्या वहीतला ‘कोठे आणि कशी’ हा रकाना मी जवळजवळ गंमत म्हणून आखला होता. उत्तर त्यानेच दिले. चार वेळा सर्व्हिस सेंटरची वारी झाल्यावर एका रात्री सगळी पाने समोर ठेवून बसलो, तेव्हा लक्षात आले की, इशारे आले त्या प्रत्येक दिवसाच्या आदल्या रात्री पाऊस होता आणि गाडी पार्किंगच्या उतारावर, तोंड वर करून उभी होती. पाचव्या वेळी मी हे लिहूनच दिले आणि ‘डाव्या बाजूचे कार्पेट माझ्यासमोर उचला’ अशी विनंती केली. तंत्रज्ञाने दाराची पट्टी काढली, कार्पेट वर घेतले आणि खालच्या जाड फोमवर तळवा दाबला, तर त्याच्या बोटांमधून पाणी वर आले. कुबट वास तर केबिनभर पसरला. सनरूफच्या कडेचे पाणी बाहेर नेणारी नळी खांबाच्या आत आपल्या जागेवरून निसटली होती आणि ते पाणी थेट पायाखालच्या कंट्रोल युनिटच्या जोडणीपर्यंत पोहोचत होते. चारही वेळा स्कॅनरने केवळ ‘संपर्क तुटला’ एवढेच सांगितले होते. तो का तुटला, हे सांगणे स्कॅनरच्या हातात नव्हते.

सर्व्हिस सेंटरमध्ये सर्वांत जपण्याची वस्तू म्हणजे जॉब कार्ड, गाडी घेताना तक्रार नोंदवतात तो कागद. सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत ‘वॉर्निंग लाइट चेक करणे’ असे लिहून सही मागतो. तशी सही करू नये. ‘१४ जुलै, सकाळी ६.४०, २,३१० किमी, रात्रभर पावसात उभी, सुरू करताच ब्रेक असिस्ट व मागील कॅमेऱ्याचे इशारे, अकरा मिनिटे टिकले, व्हिडिओ सोबत’ अशी नोंद आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. तोच बिघाड पूर्वी येऊन गेला असेल, तर ‘तक्रार तिसऱ्यांदा’ हे शब्द आणि जुन्या जॉब कार्डांचे क्रमांक त्यात आलेच पाहिजेत. नाहीतर प्रत्येक भेट कंपनीच्या संगणकात नवी आणि किरकोळ तक्रार म्हणून राहते. गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड पुसण्यापूर्वी स्कॅनचा संपूर्ण अहवाल मागावा. पी, बी, सी, यू यांपैकी एका अक्षराने सुरू होणाऱ्या त्या कोडमध्ये यू म्हणजे युनिटांमधला संपर्क, आणि अनेक कोडसोबत बिघाडाच्या क्षणाचा वेग, तापमान व किलोमीटर साठवलेले असतात. कोड पुसले की हा पुरावा हातचा जातो.

गाडी परत घेताना काय तपासले, कोणता भाग बदलला आणि कोणते सॉफ्टवेअर चढवले, याचा कागद घ्यावा. वॉरंटीत काम झाले म्हणून बिल शून्य रुपयांचे असले, तरी ते मागून घ्यावे. ‘दोष आढळला नाही’ असे म्हणत असतील, तर तेही लेखी हवे. समाधान झाल्याच्या छापील वाक्याखाली सही मागितली, तर ‘बिघाड पुन्हा होतो का ते पाहण्याच्या अटीवर गाडी ताब्यात घेतली’ असे हाताने लिहून मगच सही करावी. सुरुवातीला हे लिहिताना संकोच वाटतो, पण समोरची माणसेही नोकरी करणारीच असतात आणि शांतपणे लिहिलेल्या वाक्याचा राग सहसा कोणी धरत नाही. अनेकदा त्यांनाही कंपनीकडून भाग मंजूर करून घेण्यासाठी असाच स्पष्ट कागद हवा असतो.

तोच बिघाड तिसऱ्यांदा झाला की डीलरपाशी थांबू नये. कंपनीच्या भारतातील ग्राहक विभागाला ईमेल करावा, डीलरला प्रत ठेवावी आणि विषयाच्या ओळीत चॅसी क्रमांक लिहावा. मजकूर एका पानाचा असावा: भेटींच्या तारखा, जॉब कार्ड क्रमांक, गाडी वर्कशॉपमध्ये एकूण किती दिवस राहिली आणि आता नेमके काय हवे आहे. ‘काहीतरी करा’ या मागणीला उत्तर येत नाही. ‘कंपनीच्या तांत्रिक तज्ज्ञाने गाडी तपासावी, दुरुस्तीपर्यंत त्याच दर्जाची पर्यायी गाडी द्यावी आणि गेलेल्या दिवसांइतकी वॉरंटी वाढवावी’ या मागणीला येते. फोनवर काही ठरले, तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ते ईमेलने कळवावे. याच टप्प्यावर त्या मॉडेलचा रिकॉल निघाला आहे का, हे चॅसी क्रमांकावरून तपासून घ्यावे. १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षेशी संबंधित दोषासाठी कंपनीला गाड्या परत बोलावण्यास भाग पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे आणि वाहनमालकाला अशा दोषाची तक्रार ‘वाहन’ पोर्टलवर नोंदवता येते. विम्यातील ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ कवच मात्र येथे उपयोगी पडत नाही. ते चोरी किंवा संपूर्ण नुकसानीसाठी असते.

एवढ्यानेही हलले नाही, तर कायदा. अमेरिकेतल्या ‘लेमन लॉ’विषयीची चित्रफीत पाहून अनेकजण ‘तीनदा बिघडली की नवी गाडी’ असे धरून चालतात. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. येथे आधार आहे तो ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा, आणि त्यात उत्पादन दोष आहे हे तक्रारदाराला दाखवून द्यावे लागते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचेच वचन असल्याचे सांगून, संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नव्हता. म्हणून तक्रारीत केवळ नवी गाडी न मागता, गाडी बदलून देणे, ते न झाल्यास किंमत परत करणे, आणि तेही न झाल्यास पूर्ण दुरुस्ती, वाढीव वॉरंटी व नुकसानभरपाई, अशा उतरत्या मागण्या ठेवाव्यात.

प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. काही कंपन्या तेवढ्यानेच जाग्या होतात. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस आणि मग आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. म्हणजे ८५ लाखांच्या गाडीची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथे तक्रार करता येते. त्यामुळे गाडी दुसऱ्या राज्यातून घेतली असली तरी अडत नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ती ऑनलाइन दाखल होते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि ‘बघू, करू’ म्हणत कंपनी ती सहज खाऊन टाकते. कॅलेंडरवर ही तारीख लिहूनच ठेवावी. उत्पादक आणि डीलर या दोघांनाही प्रतिवादी करावे, कारण प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दोघांची जबाबदारी कायद्यातही वेगवेगळी तपासली जाते. गाडी स्वतःच्या व्यवसायाच्या कंपनीच्या नावावर असेल, तरी लगेच निराश होऊ नये: तिचा वापर थेट नफ्याच्या व्यवहाराशी जोडलेला असल्याचे सिद्ध झाले नाही, तर केवळ नावावरून ती ‘व्यावसायिक’, म्हणजे ग्राहक कायद्याबाहेरची, ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला आहे.

दोष डोळ्यांना दिसण्यासारखा नसेल, तर आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. तशी विनंती तक्रारीसोबतच करावी. तोवर गाडी किती चालवावी, याचाही विचार हवा. चाळीस हजार किलोमीटर फिरलेली गाडी निरुपयोगी आहे, हे आयोगाला पटवणे कठीण जाते. आणि कितीही संताप आला तरी कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. बँकेचा करार डीलरशी असलेल्या भांडणापासून वेगळा असतो. हप्ता चुकला की पतगुणांक घसरतो आणि गाडी जप्त होऊ शकते, म्हणजे पुरावाच हातातून जातो.

बहुतेक वेळा निकालापूर्वी तडजोडीचा देकार येतो. तो आला की आकडा नीट मांडून पाहावा. महाराष्ट्रात २० लाखांवरील खासगी डिझेल गाडीला १५ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे ८० लाखांच्या गाडीवर १२ लाख रुपये केवळ कराचे गेलेले असतात, आणि ‘एक्स-शोरूम किंमत परत’ या गोड वाक्यात ते धरलेले नसतात. विमा, नोंदणी आणि वाढीव वॉरंटीचे पैसेही त्यात स्पष्ट लिहून घ्यावेत. कर्ज फेडण्याची रक्कम बँकेला थेट कोण देणार, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ कोण सादर करणार आणि आरसीवरचे आपले नाव किती दिवसांत निघणार, हे करारात तारखांसह आल्याखेरीज गाडीची दुसरी किल्ली हातातून सोडू नये.