अण्णांचं कॉलेज कसं उतरवून घेतलं

"अण्णा, तुमच्या कॉलेजच्या आठवणी सांगा ना," असं विचारलंत की संपलंच. "सांगायचं काय, शिकलो आणि नोकरीला लागलो." अण्णा म्हणजे माझे सासरे, नाशिकच्या एचपीटी कॉलेजचे, वय ९२. पहिल्या दोन बैठका मी अशाच घालवल्या.

तिसऱ्या वेळी काही विचारलं नाही. टीमचा पिवळा पडलेला फोटो आणि नातवाचा लेदर बॉल समोर ठेवला. अण्णांनी बॉल उचलला, शिवणीवर दोन बोटं, खाली अंगठा. "मॅटिंगवर हा अस्सा आत यायचा." मग मॅटिंग, म्हणजे खेळपट्टीवरची चटई, कोण अंथरायचं, खिळे कोण ठोकायचं, त्या वेळी नेमकं कोण गायब व्हायचं, असा पाऊण तास गेला. तेव्हा आधी वस्तू हातात द्या. बॅट, डबा, जुनी सायकल, काहीही चालेल.

साल विचारू नका, खूण विचारा. तिकीट आण्यांत सांगितलं की काळ बराचसा कळतो, कारण १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. पण चार आणे, आठ आणे हे शब्द पुढे कित्येक वर्षं तोंडात राहिले, त्यांच्यावर जाऊ नका. अण्णा 'पाच आणे' म्हणाले तेव्हा माझी खात्री पटली. पदवीच्या कागदावर विद्यापीठ बघा. पुणे विद्यापीठ १९४९ चं, त्याआधी आपल्याकडची मुलं मुंबईची पदवी घ्यायची. "बुधवारी रात्री आठला हॉटेलाबाहेर उभे राहायचो" म्हणजे रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, म्हणजे १९५२ च्या अखेरीनंतरचं. आकाशवाणीनं सिनेमाची गाणी तेव्हा वाळीत टाकली होती. विविध भारती यायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला. कुस्तीवाल्यांना खाशाबा जाधवांचं पदक विचारा. हेलसिंकी, १९५२. तेव्हा तुम्ही इंटरला (कॉलेजचं दुसरं वर्ष) होतात की ज्युनियर बी.ए.ला (तिसरं)? अण्णांनी क्षणात सांगितलं, "इंटर. नापास होता होता वाचलो."

मधे चुका काढू नका. ते 'व्हिक्टोरिया पूल' म्हणाले, मी लगेच "अहो, होळकर पूल" म्हटलं, आणि पंचवटीतून सायकल दामटत कॉलेजला निघालेला मुलगा पुलावरच थांबला. त्या दिवशी पुढे एक शब्द नाही. त्यांचा शब्द तसाच लिहा, आजचं नाव आपण नंतर कंसात घालावं. गोल्फ क्लब मैदान, हुतूतू, जे म्हणतील ते. (कबड्डी म्हटलेलं त्यांना अजून खपत नाही.)

रेकॉर्डिंग सकाळचा चहा झाला की, आंघोळीआधी. फोन टेबलावर घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवा, नाहीतर पेल्याचा प्रत्येक ठोका ऐकू येतो. पंखा बंद. चाळीस मिनिटांच्या वर ताणू नका. आणि कुकर लावू नका. हुतूतूच्या कॅप्टनचं नाव आमच्याकडे तीन शिट्ट्यांखाली गेलंय आणि दुसऱ्यांदा विचारलं तर अण्णा वेगळंच नाव सांगतात. मी दोन्ही लिहून ठेवली आहेत.

एकदा त्यांना कॉलेज रोडला घेऊन जा. कॉफीच्या दुकानांकडे बघत अण्णा गाडीत गप्प बसून होते. गेट आलं तशी काच खाली करून म्हणाले, "थांबव. इथं माझी चेन पडायची." इथंही वहीपेन काढू नका, फोन चालू ठेवा.

फोटोतली नावं लिहायची तर मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलनं, कडेला. बॉलपेन नको. मी बॉलपेननंच आकडे टाकले होते. आता आमच्या विकेटकीपरच्या कपाळावर उलटा ५ उमटलाय. अण्णा भिंग घेऊन बसतात तेव्हा मी स्वयंपाकघरात जाते.