प्रोजेक्टचं सामान ऑनलाइन मागवताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन आठ दिवसांवर आलं की वर्गात एकच पालुपद सुरू होतं, ‘सर, पार्सल अजून आलं नाही की ओ.’ मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली आहे. ऑर्डर करताना पैसे सहसा बुडत नाहीत. पार्सल लांबतं किंवा भलतंच येतं, आणि मग जी धावाधाव होते तिच्यात ते बुडतात. म्हणून आधी सामानाचं बघू, पैशाचं मागून.

फोटो बघून मागवणं

पहिली चूक इथली. व्हिडिओत पंप दिसला, तसाच दिसणारा मागवला. घरी आल्यावर कळतं की तो १२ व्होल्टचा आहे आणि आपल्याकडे अर्डुइनोचे, म्हणजे प्रोजेक्ट चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाचे, ५ व्होल्ट. मागवण्याआधी वहीत तीन रकाने पाडा: वस्तू, व्होल्ट, किती नग. व्होल्ट लिहिता येत नसेल तर ऑर्डर करू नका, सरांना किंवा बाईंना विचारा.

दरवर्षी हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘मोटर फिरत नाही.’ नव्वद टक्के वेळा दोष मोटरचा नसतो, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा असतो. तिच्यात व्होल्ट आहेत, पण मोटरला किंवा सर्व्होला (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरला) लागतो तेवढा करंट ती देत नाही. खेळण्यातल्या मोटरीला दीड व्होल्टचे दोन ते चार पेन्सिल सेल जोडा, फिरते. एलईडी याच ९ व्होल्टच्या बॅटरीला थेट लावून जाळणारेही दरवर्षी चार-पाच असतात. हिशेब सोपा आहे. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, उरलेले ७ कुठेतरी खर्ची पडायला हवेत. त्यासाठी ४७० ओहमचा रेझिस्टर मध्ये घाला.

अर्डुइनो उनोचा स्वस्त बोर्ड घेतला आणि कॉम्प्युटर तो ओळखेना, म्हणून परत पाठवणारेही आहेत. अशा बऱ्याच बोर्डांवर सीएच३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर टाकला की बोर्ड बोलू लागतो. केबल पाकिटात आहे का तेही आधी वाचा. बहुतेक उनोंना प्रिंटरची असते तसली चौकोनी तोंडाची यूएसबी केबल लागते, घरातली मोबाइलची चालत नाही.

१८६५० नावाचे लिथियम सेल स्वस्तात मिळतात आणि त्यांच्यावर खुशाल ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेलं असतं. त्या आकाराचा चांगला सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपास थांबतो. आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसला की ते दुकानच सोडा.

आणि सगळं ऑनलाइन कशाला? इंजेक्शनच्या सिरिंजांवर हलणारा जेसीबीचा नमुना करायचाय तर सिरिंजा मेडिकलमध्ये मिळतात. वायर, होल्डर, स्विच बेळगावातल्या गणपत गल्ली-खडेबाजारच्या फेरीत होऊन जातात, आणि बिघडलं तर दुसऱ्या दिवशी बदलूनही मिळतात.

पत्ता

आपल्या भागाचं हे खास दुखणं. बेळगाव तालुक्यातलं बाची आणि चंदगड तालुक्यातली शिनोळी एकाच वेंगुर्ला रस्त्यावर लागून आहेत, पण एक कर्नाटकात, दुसरं महाराष्ट्रात. ॲपला ‘माझं लोकेशन’ दिलं की सीमेजवळ ते कधी पलीकडचं गाव पकडतं. त्यामुळे पत्ता हातानं भरा. बेळगाव शहराचा पिनकोड ५९० ने, तालुक्यातल्या बहुतेक गावांचा ५९१ ने सुरू होतो. ४१६ दिसला तर पार्सल महाराष्ट्रात निघालंय समजा. २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं असलं तरी काही फॉर्ममध्ये जुनंच असतं. कुठलंही निवडा, पिन बरोबर हवा. पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहा, देवळाची किंवा डेअरीची खूण द्या. पार्सल आणणारा पोरगा कन्नड बोलणारा असेल, त्याला आपली मराठी अक्षरं वाचता येतीलच असं नाही.

खरा धोका: पार्सल लांबल्यावर

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं सांगतो. सेन्सरचं पार्सल चार दिवस अडकलं. त्यांनी गूगलवर कस्टमर केअर नंबर शोधला आणि पहिला दिसला तो लावला. समोरचा हिंदीत गोड बोलत होता, रिफंड देतो म्हणाला, क्यूआर पाठवला. स्कॅन केला, पिन दाबला, आणि ३४९ रुपये परत येण्याऐवजी ४,८०० गेले.

यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा खात्यातली शिल्लक बघायला लागतो. घ्यायला कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करणं म्हणजेही देणंच. घरी वडीलधारी माणसं यूपीआय वापरत असतील तर भीमसारख्या ॲपची भाषा मराठी करून द्या. पिन दाबण्याआधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते त्यांचं त्यांना वाचता येऊ दे. कस्टमर केअरचा नंबर गूगलवरून नको, ज्या ॲपवरून मागवलं त्याच्याच मदत विभागातून घ्या.

‘पत्ता अपुरा आहे, ५ रुपये भरा’ असा लिंकवाला मेसेज आला तर पैसे भरू नका. ऑर्डर ॲपमध्ये उघडून बघा. कुणी ‘डिलिव्हरी बॉय बोलतोय, *४०१* लावून हा नंबर डायल करा’ म्हणालं तर फोन ठेवा. तसं केल्यानं तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात आणि कॉलवरून येणारे ओटीपीही. चुकून केलंच असेल तर ##००२# डायल करून वळवलेले कॉल बंद करा. फाइल पाठवून ‘हे ॲप टाका’ किंवा ‘स्क्रीन दाखवा’ म्हणणाऱ्याशी तर बोलायलाच नको.

इन्स्टाग्रामवर ‘रेडीमेड वर्किंग मॉडेल, अर्धे पैसे आगाऊ’ अशा जाहिराती प्रदर्शनाच्या हंगामात उगवतात. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन दुकानानं आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवायलाच हवा. नुसता व्हॉट्सॲप नंबर असेल तर पैसे टाकू नका. नव्या दुकानाकडून घेताना पार्सल हातात आल्यावरच पैसे द्या. खात्यांचं म्हणाल तर यूपीआयला ज्या खात्यात उसाचं बिल येतं ते जोडू नका, हजार-दोन हजार ठेवलेलं वेगळं खातं जोडा. ‘इन्स्पायर मानक’ या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टसाठीच्या सरकारी योजनेचे १०,००० रुपये ज्याच्या खात्यावर येतात त्यानं तर ही काळजी दुप्पट घ्यावी, आणि प्रत्येक बिल वहीत चिकटवून ठेवावं.

गेलेच तर

आधी १९३०. लाज, रडारड, नातेवाइकांना फोन हे सगळं नंतर. सायबर फसवणुकीचा तो सरकारी नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते. लगेच बँकेलाही कळवा, कारण पिन आपणच दाबला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान सहसा आपलंच धरतात. व्यवहाराचा नंबर आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. बोलायला घरातलं कन्नड किंवा इंग्रजी येणारं कुणी शेजारी बसवलं तर काम लवकर होतं.

फसवणूक नाही, नुसतंच चुकीचं सामान आलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यासाठी पार्सल फोडतानाचा व्हिडिओ मात्र उपयोगी पडतो, लेबलपासून सुरुवात करून न थांबता काढलेला.

त्या विद्यार्थ्याचा सेन्सर शेवटी प्रदर्शन झाल्यावर चार दिवसांनी आला. आता तो आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. पोरानं ऐनवेळी सिरिंजांचा जेसीबी करून भाग घेतला होता.